‘समाजाला उपयोग’ या परिच्छेदाची उलटतपासणी

पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक मथळा हमखास समोर येतो: ‘प्रस्तावित संशोधनाची सामाजिक उपयुक्तता’. बाकीचा सिनॉप्सिस लिहायला महिने जातात, हा परिच्छेद मात्र अर्ध्या तासात होतो. कारण तो कुणी नव्याने लिहीतच नाही. सिनियरचा घ्यायचा, दोन-चार शब्द बदलायचे, झालं.

मीही तेच केलं होतं. माझा विषय अणुकेंद्रांच्या अभिक्रिया, म्हणजे काम कणत्वरकावर. (पाठ्यपुस्तकात ‘कणत्वरक’, लॅबमध्ये सगळेच ‘अ‍ॅक्सिलरेटर’ म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरणार आहे.) तेव्हा लिहिलेला परिच्छेद असा होता:

“कणत्वरकांवरील संशोधनातून मानवजातीला अनेक वरदाने मिळाली आहेत. वर्ल्ड वाइड वेबचा जन्म सर्न येथे झाला. कणभौतिकीमुळे कर्करोगावरील किरणोपचार शक्य झाले. आपल्या राज्यात लासलगाव येथे कांदा टिकवण्यासाठी याच तंत्रज्ञानाचा वापर होतो. अशा प्रकारे मूलभूत संशोधनाचे फायदे समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत पोहोचतात.”

पाच वाक्यं. समितीत कुणी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. आज मी तो स्वतःच तपासायला घेतला आहे, कारण पहिलं वाक्य नुसती सजावट आहे आणि उरलेल्या चारांपैकी एक सरळ चूक, दोन अर्धवट आणि एक, माझ्या मते, लिहायलाच नको होतं. तुमच्या विषयात अ‍ॅक्सिलरेटर नसेल, पण असा परिच्छेद नक्की असेल. म्हणून हे तुमच्यासाठी.

आधी यंत्र समजून घेऊ

विद्युतभारित कणाला विद्युतक्षेत्रात सोडलं की त्याची ऊर्जा वाढते. सगळे अ‍ॅक्सिलरेटर या एका गोष्टीवर चालतात. फरक आहे तो हे क्षेत्र कसं निर्माण करायचं यात.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांची ही संयुक्त सोय १९८८ च्या अखेरीस सुरू झाली. धातूच्या गोळ्यांची साखळी विद्युतभार वाहून नेते आणि मधलं टर्मिनल १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत चढवते. ऋण आयन त्या धन टर्मिनलकडे ओढले जातात, तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, ते धन होतात आणि मग त्याच टर्मिनलपासून दूर ढकलले जातात. म्हणजे एका व्होल्टेजचा दोनदा उपयोग. पुढे त्याला अतिवाहक लिनॅक जोडला गेला, ऊर्जा आणखी वाढली.

दुसरं टोक म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्नचा २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर. २०१२ साली हिग्ज बोसॉन तिथे सापडला. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि टाटा संस्थेची मंडळी तिथल्या सीएमएस प्रयोगात आहेत.

पण जगातले बहुतेक अ‍ॅक्सिलरेटर या दोन्ही जातींचे नाहीत. एकूण संख्या ३०,००० हून अधिक धरली जाते. त्यातले मूठभरच मूलभूत संशोधनासाठी आहेत. बाकीचे चिप बनवणाऱ्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ‘उपयुक्तता’ लिहिताना आपण सर्नचा फोटो लावतो आणि पुण्य मात्र रुग्णालयातल्या यंत्राचं घेतो.

वेबचं वाक्य

वर्ल्ड वाइड वेबचा जन्म सर्नमध्ये झाला हे खरंच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिथे प्रस्ताव मांडला. पण तो प्रस्ताव प्रोटॉनबद्दल नव्हता. वेगवेगळ्या देशांतून माणसं येतात-जातात, प्रत्येकाचा संगणक वेगळा, कागदपत्रं हरवतात. ही माहिती एकमेकांना जोडून कशी ठेवायची, असा तो प्रश्न होता. मोठ्या, विखुरलेल्या कुठल्याही संस्थेला तो पडला असता.

आणि खरी कलाटणी आली ३० एप्रिल १९९३ रोजी. त्या दिवशी सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणाला परवाना शुल्क नाही, कुणाची परवानगी नाही. हे केलं नसतं तर तोच शोध एखाद्या बंद, पैसे भरून वापरायच्या सेवेसारखा राहिला असता. म्हणजे समाजापर्यंत जे पोहोचलं ते कण आदळल्यामुळे नाही, एका संस्थेने घेतलेल्या निर्णयामुळे. माझ्या परिच्छेदात तो निर्णय नव्हता.

कर्करोगाचं वाक्य

किरणोपचाराचं आजचं नेहमीचं यंत्र म्हणजे मेडिकल लिनॅक. त्यात साधारण ३ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी तांब्याच्या नळीत सोडतात, इलेक्ट्रॉन त्या लहरींवर स्वार होऊन ऊर्जा घेतात, टंगस्टनच्या पत्र्यावर आदळतात आणि क्ष-किरण बाहेर पडतात. ६ दशलक्ष व्होल्ट वर्गातल्या यंत्राची ही नळी हातभरच असते. इतक्या लहान जागेत इतकी ऊर्जा द्यायची तर सूक्ष्मलहरींचा जबरदस्त स्रोत हवा. तो कुठून आला?

रडारमधून. १९४० साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला तो युद्धासाठी, शत्रूची विमानं शोधण्यासाठी. युद्ध संपल्यावर तेच ज्ञान हाताशी घेऊन ब्रिटन-अमेरिकेत इलेक्ट्रॉनचे लिनॅक बनले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले, स्टॅनफर्डला १९५६ मध्ये. भौतिकीचे लिनॅक आणि रुग्णालयाचे लिनॅक ही रडारच्या घरातली सख्खी भावंडं आहेत. ‘कणभौतिकीमुळे किरणोपचार शक्य झाले’ असं लिहिताना मी एका भावाला दुसऱ्याचा बाप करून टाकलं होतं.

गंमत म्हणजे आपल्याच मुंबईतली गोष्ट लिहिली असती तर ही चूक झाली नसती. टाटा संस्थेत १९७७ साली सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग निघाला. त्यातून ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. तिच्या इंग्रजी नावातच ‘उपयोजित सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनिकी’ आहे. पवईतल्या या संस्थेने देशी मेडिकल लिनॅक बनवला. पहिला चंडीगडच्या पीजीआयमध्ये लागला, १९९० च्या सुमारास; पुढे एक आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. वर्ध्याजवळच्या एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात देशी अ‍ॅक्सिलरेटर बसतो, यामागे कुणी तरी ठरवलं आहे, पैसे मंजूर केले आहेत, यंत्र चालवणारी माणसं नेमली आहेत. एवढं सगळं सोडून मी जिनिव्हाला गेले होते.

लासलगावचं वाक्य

हे सरळ चूक आहे आणि मला सर्वांत जास्त लाज याचीच वाटते.

लासलगावचं ‘कृषक’ केंद्र २००२ साली सुरू झालं. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर विकिरण करायचं, ही मूळ कल्पना. २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबाही तिथूनच विकिरण होऊन गेला. पण तिथे अ‍ॅक्सिलरेटर नाही. तिथे आहे कोबाल्ट-६०. हा किरणोत्सारी धातू अणुभट्टीत तयार होतो आणि आपोआप गॅमा किरण सोडत राहतो. त्याला बटण नाही. काम नसेल तेव्हा तो पाण्यात किंवा जाड आवरणात ठेवावा लागतो. अ‍ॅक्सिलरेटरचं मात्र बटण बंद केलं की किरण थांबतात.

‘किरण’ दिसले की ‘अ‍ॅक्सिलरेटर’ लिहायचं, ही घाई मला पुढे अनेकांच्या लिखाणात दिसली. अ‍ॅक्सिलरेटरचंच उदाहरण हवं तर खारघरचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. तिथे १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा लिनॅक आहे. तुम्ही मुलाखतीत लासलगाव सांगितलंत आणि समोर एखादा जाणकार बसला असेल, तर पुढची दहा मिनिटं अवघड जातील.

‘शेवटचा घटक’

आता पाचवं वाक्य. हे तपासायला मला पुस्तकं लागली नाहीत.

ज्या पावसाळ्यात मी तो परिच्छेद लिहीत होते, त्याच पावसाळ्यात माझ्या आत्याचे किरणोपचार चालू होते. ती मोखाड्याकडच्या एका पाड्यावर राहते. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, नंतर २५ वेळा किरण घ्यायचे होते. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे पाच आठवडे. ती त्याला ‘लाईट घेणं’ म्हणायची. जव्हार-मोखाड्यात किरणोपचाराची सोय नाही. मोखाड्याहून खोडाळ्यामार्गे कसारा, तिथून लोकल. रोजचं जाणं-येणं शक्यच नाही, म्हणून ती कल्याणला नातेवाइकांकडे राहिली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं आहेत म्हणून कितीतरी लोकांचे उपचार पुरे होतात, पण पाच आठवडे घर सोडून राहायचं ते राहायचंच.

सतरा दिवस झाले आणि ती परत गेली. मी फोनवर रागावले. ती म्हणाली, “लाईट घेतली असती गं, पण आवणी कोण करणार?”

पंधरा दिवसांनी भात लावून ती आली, उरलेले आठ डोस डॉक्टरांनी नव्याने हिशेब करून दिले. आज ती तपासणीला जाते, बरी आहे. मध्ये पडलेल्या खंडाने काय बिघडलं किंवा नाही बिघडलं, हे एका माणसापुरतं कुणी सांगू शकत नाही. पण किरणोपचारात मध्येच खंड पडणं चांगलं नाही, वाचलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो, हे पुस्तकात स्पष्ट आहे.

त्या सतरा दिवसांत अ‍ॅक्सिलरेटर एकदाही बंद पडला नाही. रोज काही मिनिटं बीम आला, ठरलेला डोस दिला. यंत्राने त्याचं काम चोख केलं. आणि मी हॉस्टेलमध्ये बसून ‘शेवटच्या घटकापर्यंत पोहोचतात’ असं लिहीत होते. पोहोचत कोण होतं? यंत्र पोहोचत नव्हतं, आत्या यंत्रापर्यंत पोहोचत होती. स्वतःच्या खर्चाने, आवणी बुडवून.

आमच्याकडच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. पाणी उतारावरून आपोआप वाहतं हे खरं, पण धरण बांधल्यावर ते पाइप नेईल तिकडे जातं, आणि पाइप कुठे न्यायचा हे आधी कागदावर ठरतं. संशोधनाचे फायदे ‘झिरपतात’ असं जेव्हा आपण लिहितो, तेव्हा हा कागद लपवतो.

मग यंत्र जव्हारला आणायचं का?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, कुटीर रुग्णालयात एक लिनॅक बसवा. इथे विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून जरा थांबा.

लिनॅकला स्थिर वीज लागते, थंड पाणी लागतं, आत उत्तम निर्वात पोकळी टिकवावी लागते. जव्हारला पावसाळ्यात दुसरी ‘लाईट’ किती वेळ असते हे तिथे राहिलेल्याला विचारा. २०२० साली ब्रिटन, नायजेरिया आणि बोट्स्वाना इथल्या रुग्णालयांतल्या लिनॅकच्या बिघाडांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राचे कोणते भाग कुठे जास्त बिघडतात आणि यंत्र किती वेळ बंद राहतं, हे त्यात मोजलं आहे. अवघड परिस्थितीत टिकेल असा लिनॅक कसा बनवायचा, यावर सर्नमधली मंडळीही काम करतात. माझ्या मते अ‍ॅक्सिलरेटर आणि समाज यांचं नातं इथे दिसतं, वेबच्या गोष्टीत नाही.

दुसरा पर्याय कोबाल्टचा. भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टवर चालणारं किरणोपचार यंत्र बनवलं आहे. विजेची गरज कमी, रचना साधी. पण कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. स्रोत कमजोर होत जातो, तोच डोस द्यायला जास्त वेळ लागतो, काही वर्षांनी स्रोत बदलावा लागतो आणि जुन्याची कडेकोट सुरक्षा ठेवावी लागते. दोन्ही बाजूंना वजन आहे. ‘आधुनिक ते चांगलं’ एवढ्यावर निकाल देता येत नाही.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आत्याला २५ दिवस लागले. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की स्तनाच्या कर्करोगात १५ डोस पुरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत योग्य त्या रुग्णांसाठी एका आठवड्यातले ५ डोसही पुरेसे ठरले. कुणाला किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण पाच आठवडे आणि एक आठवडा यातला फरक बघा. एका आठवड्यासाठी आवणी सोडावी लागत नाही. आणि यात अ‍ॅक्सिलरेटर विज्ञानाचा वाटा खराखुरा आहे: एका वेळचा डोस मोठा करायचा तर तो सगळीकडे सारखा आणि नेमक्या जागी पडला पाहिजे, तशी अचूकता यंत्राने दिली पाहिजे. ऊर्जा वाढवायची गरज नाही. दिवस कमी करायची आहे.

खारघरला २०२३ मध्ये प्रोटॉन उपचाराची सोय राष्ट्राला अर्पण झाली. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतो, म्हणून लहान मुलांच्या आणि नाजूक अवयवांजवळच्या गाठींसाठी ती मोलाची आहे. तिचं कौतुक जरूर करा. फक्त तिला सगळ्या रुग्णांचं उत्तर म्हणू नका.

मग त्या मथळ्याखाली लिहायचं काय?

मला दोनच प्रामाणिक वाटा दिसतात.

पहिली: उपयोग नाही, तर तसं सांगा. १९६९ साली फर्मीलॅबच्या अ‍ॅक्सिलरेटरचा खर्च अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मांडताना रॉबर्ट विल्सन यांना विचारलं गेलं की याचा देशाच्या संरक्षणाला काय उपयोग. त्यांनी ओढूनताणून उपयोग दाखवला नाही. चांगली चित्रं, चांगली कविता यांच्या रांगेत त्यांनी हे काम ठेवलं आणि याने देशाचं थेट रक्षण होत नाही, पण देश रक्षण करण्याजोगा होतो, अशा अर्थाचं उत्तर दिलं. यंत्र बांधलं गेलं. ‘मला हे जाणून घ्यायचं आहे’ हे कारण लाजिरवाणं नाही. माझ्या प्रबंधाचं खरं कारण तेच आहे.

दुसरी: उपयोग सांगायचाच असेल, तर मधली साखळी लिहा. तुमच्या निष्कर्षापासून माणसापर्यंत किती पायऱ्या आहेत? प्रत्येक पायरीवर कोण उभं आहे? पैसे कुणाचे? कोणती पायरी आज रिकामी आहे? बहुतेक वेळा कळेल की तुमचा प्रबंध दहापैकी एका पायरीला हात लावतो. तेवढंच लिहा. पुरतं.

आणि रिकाम्या पायऱ्यांकडे नोकरी म्हणूनही बघा. प्रत्येक लिनॅकच्या मागे एक वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो: डोस मोजणारा, यंत्र तपासणारा. एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा ही त्याची ओळखीची वाट आहे. जव्हारच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेल्या कुणाला हे कुणी सांगतं का? मला सांगितलं नव्हतं. पीएच.डी. हा एकच रस्ता आहे असं समजून मी आले. मला पश्चात्ताप नाही, पण माहीत असतं तर निवड डोळसपणे केली असती.

प्रबंधात तो परिच्छेद मी बदलला आहे. आता तो असा आहे:

“या प्रबंधातील अभिक्रियांचा अभ्यास हा अणुकेंद्राची रचना समजण्यासाठी आहे, त्याचा तात्काळ सामाजिक उपयोग नाही. या कामात शोधक उपकरणे हाताळण्याचे व किरणांची मात्रा मोजण्याचे जे कौशल्य मिळाले, ते किरणोपचाराच्या क्षेत्रात लागते. ते कौशल्य तेथपर्यंत नेण्यासाठी वेगळे प्रशिक्षण, नेमणुका आणि ग्रामीण भागात उपचारकेंद्रे आवश्यक आहेत. हा प्रबंध त्यांची जागा घेऊ शकत नाही.”

गाईडनी वाचला आणि विचारलं, “एवढं खरं लिहायची गरज आहे का?” मी म्हटलं, आहे. त्यांनी ‘तात्काळ’ या शब्दाखाली रेघ मारली, ‘थेट’ असं केलं आणि सही केली.

तुमचा परिच्छेद काढा. एकेका वाक्यापुढे लिहा: खरं, अर्धवट की चूक. अर्ध्या तासात लिहिला होतात ना? तपासायला दोन दिवस द्या.